आधी काय झालं

४ ऑक्टोबर, शनिवार

मला डायरी लिहायची हौस नाही. तीस वर्षं पोरांच्या गणिताच्या वह्या तपासल्या, तेवढं लिखाण पुरे झालं. पण बारामतीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक सोनम मॅडमनी आज ही वही माझ्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, "सर, आबा चिडले की त्या दिवशी लिहायचं. आधी काय झालं, मग काय झालं, नंतर काय झालं. एवढंच." वयानं माझ्या विद्यार्थिनीएवढ्या. मी मान डोलावली. शेजारी बसलेली माझी बायको अनिता गालात हसली. मला गृहपाठ मिळालेला तिनं पहिल्यांदाच बघितला.

आबा म्हणजे माझे वडील, आबाजी. ऐंशीच्या घरात आलेत. सगळी हयात मेंढरामागं गेली. दिवाळी झाली की आई आणि आबा मेंढरं घेऊन कोकणात उतरायचे, ते पावसाच्या तोंडावर लासुर्ण्याला परत यायचे. मी एकदाही त्यांच्याबरोबर गेलो नाही. माझी शाळा होती. आता मेंढरं विकून कैक वर्षं झाली, आई गेली, मी सिमेंटचं घर बांधलं, भोवती कंपाउंड घातलं, लोखंडी गेट बसवलं. आणि याच घरात गेल्या दोन-तीन वर्षांत आबांना आठवणींनी दगा दिला. डॉक्टर त्याला डिमेन्शिया म्हणतात.

विसरण्याचं काही नाही, ते आपण समजून घेऊ. पण ते चिडतात. मागच्या महिन्यात अनितानं त्यांच्या हातातलं भांडं घेतलं म्हणून तिच्या मनगटावर काठी घातली. उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. डॉक्टरांनी शांत राहायची गोळी दिली, तर दिवसभर गुंगीत राहून आबा तुळशीपाशी पडले. डॉक्टरांनीच गोळी बंद केली. म्हणाले, "गोळी अगदी शेवटी. आधी बाकीचं करून बघा." बाकीचं म्हणजे ही वही.

बारामतीच्या पलीकडं एक संस्था आहे, अशा म्हाताऱ्यांना ठेवून घेते. दिवाळीनंतर तिथं एक खाट रिकामी होतेय. भाऊबीजेपर्यंत कळवा म्हणालेत. अनिताला आणखी एक काठी बसली तर मी आबांना तिथं ठेवणार. हे मी तिला आज गाडीतच स्पष्ट सांगितलं. 

५ ऑक्टोबर, रविवार

आधी काय झालं: काही नाही.

मग काय झालं: दिवेलागणीला आबा गेटपाशी गेले आणि गेट गदागदा हलवायला लागले. रोजचंच आहे.

"मास्तर, गेट उघीड. कळंबला जायाचं हाय."

गावात सगळे मला मास्तर म्हणतात, तेच ऐकून तेही म्हणतात. मी शांतपणे सांगितलं, "आबा, मी दादासो. तुमचा मुलगा. आणि कळंबला कुणी नाही आता. साखरआत्या वारली."

"साखरा गेली? कवा?"

"बरीच वर्षं झाली. तुम्ही स्वतः होता तिथं."

आबा मटकन खाली बसले आणि लहान पोरासारखे रडायला लागले. साखरबाई त्यांची धाकटी बहीण. थोड्या वेळानं उठले आणि काठी माझ्या अंगावर भिरकावली. चुकली, कुंडीला लागली.

नंतर काय झालं: अनितानं डाव्या हातानं चहा दिला. प्यायले.

हे आता रोज चाललंय. रोज विचारतात, रोज मी खरं सांगतो, रोज रडतात. मी खोटं बोलत नाही. आजारी माणसाशी तर मुळीच नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आधी काय झालं: काही नाही. उलट सकाळपासून आबा एकदम शांत होते, आपले आपण काहीतरी आवराआवर करत होते.

मी अंघोळ करून बाहेर आलो तर सगळी अंथरुणं गुंडाळून, वाळत घालायच्या दोरीनं करकचून बांधून गेटपाशी ठेवलेली. स्वयंपाकघरातला तवा, दोन पातेली, परात, सगळं अनिताच्या साडीत गाठोडं करून त्यावर. आबा शेजारी काठी घेऊन उभे, चेहरा असा की आता एसटी येणार आहे.

मला शाळेची घाई. मी म्हटलं, "आबा, हे काय मांडलंय? हे आपलं घर आहे. कुठंही जायचं नाही." आणि गाठी सोडायला बसलो. त्यांनी मारलेल्या गाठी सहजी सुटत नाहीत. निम्म्या सुटल्या तेवढ्यात त्यांनी माझ्या दंडाला चावा घेतला. खरोखरचा चावा. ऐंशीव्या वर्षी दात शाबूत आहेत, हा मेंढीच्या दुधाचा गुण.

नंतर काय झालं: मी धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन शाळेत गेलो. पहिला तास बुडाला.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सोनम मॅडमना वही दाखवली. त्यांनी दोनदा वाचली.

"सर, 'आधी काय झालं' याच्यापुढं तुम्ही रोज 'काही नाही' असं लिहिलंय."

"काही नव्हतंच."

"आत्या वारल्या, हे तुम्ही सांगितलंत."

"ते खरं आहे."

"खरं आहे. पण आबा ते रोज पहिल्यांदाच ऐकतात." मग म्हणाल्या, "दुरुस्त करू नका. विचारा. आत्याकडं काय काम आहे, आत्या काय रांधायची, काहीही. त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते कळेल."

म्हणजे मेलेल्या बाईचा पाहुणचार विचारायचा. मी म्हटलं, मॅडम, गणितात उत्तर चुकलं की चूक म्हणायचं असतं, मुलाचं मन राखायला बरोबरची खूण करत नाहीत. त्या हसल्या नाहीत. बाकी त्यांनी पुष्कळ सांगितलं. संध्याकाळी अंधार पडायच्या आधीच घरात उजेड करा, टीव्हीचा गोंगाट बंद करा, हाताला सवयीचं काम द्या, रोजचं वेळापत्रक आणि जागा शक्यतो तीच ठेवा, आणि एकूण त्यांना काय हवंय ते शोधा. ही शिस्तीची गोष्ट झाली. हे मी करतो.

येताना दोन फोकस घेतले.

११ ऑक्टोबर, शनिवार

आधी काय झालं: फोकस लावले. एक पडवीत, एक गेटवर. साडेपाचलाच अंगण लख्ख.

आबा पडवीतून उठले, डोळ्यांवर हात धरला आणि ओरडायला लागले, "गाडी आली! कडंला घ्या! मेंढरं कडंला घ्या!" हात पसरून अंगणभर धावत सुटले. मी सांगत होतो, आबा, गाडी नाही, लाईट आहे, लाईट! तर मलाच भिंतीकडं ढकलत होते, "सरक कडंला, मरशील!" ढकलता ढकलता माझा चष्मा पडला आणि फुटला.

अनितानं मेन स्विच बंद केला. मग समई लावून आणली.

"डोळ्यावर फोकस मारल्यावर कोन बी बावचळंल," ती म्हणाली. "उजेड करा म्हणल्या मॅडम, उरूस न्हाय."

फोकस परत करायचे आहेत. दुकानदार घेईल असं वाटत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

आज सुट्टी, म्हणून हाताला काम दिलं. भुईमुगाच्या शेंगा आणि दोन सुपं, एकात दाणे, एकात टरफलं. आबा छान बसले. बोटं अशी चालत होती की बघत राहावं. मी शेजारी जुना चष्मा लावून वर्तमानपत्र वाचत होतो. चेहरा इतका निवांत मी त्यांचा महिनाभरात बघितला नव्हता. मध्येच त्यांनी माझ्याकडं बघितलं, हात पुढं करून माझ्या कपाळाकडं आणला. आता फटका बसतोय म्हणून मी पटकन मागं सरलो. त्यांनी हात खाली घेतला.

मग माझं लक्ष गेलं की दाण्यांच्या सुपात टरफलं पडतायत. मी फक्त एवढंच दाखवून दिलं की आबा, हे इकडं नाही, तिकडं. आधी नीट, हळू दाखवलं. तिसऱ्या वेळेला त्यांनी दोन्ही सुपं माझ्या डोक्यावर उपडी केली.

"मास्तर," ते म्हणाले, "तुझं आयकून चुकलो म्या. तुझं आयकायलाच नगं हुतं."

माझं यांनी आयुष्यात कधी ऐकलंय!

अनिता दाणे वेचत होती, डाव्या हातानं. म्हणाली, "राग नगा मानू. पर तुमी वर्गातनं घरी येतच न्हाय. हितं आधी काय झालं त्ये लिवा की. तुमी बोलला, ह्ये झालं."

मी न जेवता उठलो. लिहितोय ते तिच्या सांगण्यावरून नव्हे, घडलं म्हणून लिहितोय: मी बोललो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

शाळेतून आलो, घर सुनसान.  हाका मारत मागं गेलो तर मागच्या पत्र्याच्या शेडात आबा जमिनीवर अंथरूण टाकून गाढ झोपलेले. उशाला गाठोडं, हाताशी काठी. दारात तीन दगडांची चूल मांडलेली. अनिता मेथी निवडत बसली होती.

"सकाळच्यानं पुन्हा समदं बांधलं त्यांनी," ती म्हणाली. "मला एका हातानं गाठी सुटंनात. मंग म्या दमले आन् म्हणलं, आबा, कुठं उतरायचं? त्यांनी काठीनं शेड दावलं. मी बिऱ्हाड हितं आनलं. त्यांनी दगडं लावली, जागा झाडली, माझ्याकडनं दोन भाकरी मागून घेतल्या, खाल्ल्या आन् झोपले. एक शबुद वाकडा न्हाय दिवसभर."

कौतुक वाटायच्या ऐवजी माझं डोकं फिरलं. बाहेरून शेड रस्त्यावर दिसतं. शिक्षकाचा बाप पत्र्याखाली मातीत झोपलाय, हे गावानं बघायचं? शिवाय मॅडमनी जागा तीच ठेवा म्हणून सांगितलंय. मी आबांना उठवलं, सगळं परत घरात आणलं, पलंगावर गादी घातली आणि चूल मोडून दगड कंपाउंडपलीकडं टाकले.

मग दिवेलागण झाली. आबांनी खिडकीची काच काठीनं फोडली आणि फुटक्या काचेतून हात घालून गज ओढायला लागले. मनगट रक्तानं भरलं. "वाघरात घातलंय मला! मी काय मेंढरू हाय व्हय?" वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. मी मागून धरायला गेलो, अनिता मध्ये आली आणि काठी तिच्या खांद्यावर बसली.

ती खांदा धरून खाली बसली.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

संस्थेला फोन केला. २४ तारखेला सकाळी त्यांची गाडी येईल. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी.

भाऊबीज या सणाशी माझं तसंही कधी जमलं नाही. मला बहीण नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

अनिताला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या हातानं न्हेऊन सोडनार त्यास्नी?" मी म्हटलं, "सोडणार नाही, ठेवणार. चांगली जागा आहे. भेटायला जाऊ." ती म्हणाली, "ठेवलेल्याला काय वाटतंय, त्ये तुमाला म्या सांगू व्हय?" आणि खांदा शेकायला आत गेली. मी लहानपणी अर्धं वर्ष कळंबला साखरआत्याकडं राहायचो, त्यावरून बोलली. तिचा काय संबंध? मला तिथं काही कमी नव्हतं. आत्याला मूल नव्हतं, ती मला तूप वाढायची.

१८ ऑक्टोबर, शनिवार

शाळेला दिवाळीची सुट्टी लागली. आज आबांची बॅग भरायला घेतली. धोतरं, बंड्या, टॉवेल, कानटोपी. त्यांनी बघितलं. मला वाटलं आता काठी येणार. तर जवळ येऊन बसले आणि मदत करायला लागले. धोतर असं घडी घालून दिलं की इस्त्री मारल्यासारखं. चेहऱ्यावर हसू. "आसं दाब, मंजी जागा हुती," म्हणाले. आज पहिल्यांदाच ते माझ्यावर खूश होते. मी मान वर करून त्यांच्याकडं बघू शकलो नाही.

मग उठून आत गेले आणि खुंटीवरचा माझा शर्ट घेऊन आले. बॅगेत घातला. मी काढला. त्यांनी परत घातला. मी म्हटलं, "आबा, हा तुमचा नाही, माझा आहे."

"पोराचं नगं व्हय घ्यायला?" म्हणाले. "थंडी आसती घाटात."

"कुणाच्या पोराचं?"

 मग शर्ट छातीशी धरून पडवीत जाऊन बसले, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. माझा चांगला शर्ट आहे तो, दिवाळीला घालायचा. यांना माझ्याच कपड्यांचं काय पडलंय कळत नाही.

२१ ऑक्टोबर, मंगळवार

थोडेच दिवस उरलेत म्हणून मी हात टेकले. म्हटलं, करू द्या काय करायचं ते. रविवारी त्यांनी बिऱ्हाड बांधलं, आम्ही शेडात उतरलो. काल पुन्हा बांधलं, दारातल्या चिंचेखाली उतरलो. आज लक्ष्मीपूजन, तर पाहुणे येणाऱ्या पडवीतच दगड मांडले. लोकांनी बघितलं. कुणी काही म्हणालं नाही, उलट आमच्या शेजारचे ज्ञानेशराव तिथंच चुलीशी बसून चिवडा खाऊन गेले. म्हणाले, "आबांनी तळ छान मांडलाय."

मॅडमना फोन करून विचारलं की जागा तीच ठेवा म्हणाला होतात, आणि हा माणूस तर जागा बदलली की शांत होतोय. त्या म्हणाल्या, "मग तेच बरोबर आहे, सर. माझं चुकलं. एका जागी राहायची सवय त्यांना कधी होती?"  चूक कबूल करणारा माणूस मी शिक्षक असूनही फार कमी बघितलाय.

सकाळ-दुपार शांत जाते. फक्त दिवेलागण तशीच. गेट, आणि कळंब. आज मी तोंड उघडायच्या आधी अनितानं विचारलं, "आबा, कळंबला काय ठेवलंय?"

"पोरगं."

"कुनाचं?"

"माजंच की. कुनाचं आसनार."

मी अनिताला म्हटलं, बघ, आता भलतंच सुरू झालं. यांना माझ्याशिवाय मूल नाही. ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या वर्गातली पोरं सोपं गणित चुकली की मी जसं बघतो, तसं.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज

सगळं क्रमानं लिहितो, नाहीतर लिहून होणार नाही.

दुपारी चारला उद्यासाठी गाडीची वेळ पक्की करायला मी आत जाऊन फोनवर बोललो. दूधवाल्यानं गेट उघडं टाकलं होतं. बाहेर आलो तर पडवीत चूल नाही, दगड बाजूला रचलेले, अंथरूण नाही, गाठोडं नाही. आबा नाहीत.

अनिता ज्ञानेशरावांच्या घराकडं पळाली. मी मोटरसायकल काढली. विहिरीत बघितलं. आयुष्यात विहिरीत असं कधी वाकून बघितलं नव्हतं. मग पाटाच्या कडेनं गेलो, पाटाला पाणी होतं. ओरडून ओरडून घसा बसला. ऊसतोडीच्या टोळ्या घेऊन येणारे ट्रॅक्टर रस्त्यानं एकामागं एक, मोठ्यानं गाणी लावून. दर ट्रॅक्टरला हात करून मी आबांबद्दल विचारत होतो. आणि मग डोक्यात लख्ख आलं की आज भाऊबीज आहे. भाऊबीजेला आबा कुठं जायचे हे मला विचारायची गरज नव्हती.

कळंबच्या वाटेवर पाटाचा जुना पूल आहे. त्याच्या अलीकडं गाडी बंद पडली. पेट्रोल संपलं होतं. गाडी टाकून पळत गेलो.

पुलाच्या तोंडाला आबा. डोक्यावर गाठोडं, काठी उगारलेली. दोन माणसं त्यांना धरायला बघत होती, भल्यासाठीच, आणि आबा "सोडा मला, वखुत झालाय" म्हणून काठी फिरवत होते. मला बघितलं आणि म्हणाले, "आला. मास्तर आला."

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. रोजचंच. कळंबला कुणी नाही, आत्या वारली. पण धाप अशी लागली होती की शब्द फुटेना. घशातून नुसती हवा येत होती. मी त्या दोघांना हातानं मागं व्हायला सांगितलं आणि गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. मी बोलत नाही म्हटल्यावर आबा बोलायला लागले.

"मास्तर, तुझं आयकून चुकलो म्या. तू म्हणलास पोरगं हुशार हाय, मेंढरामागं न्हेऊ नगा. न्हाय न्हेलं. साखराकडं ठिवलं. ववाळून घेतलं आन् निगालो. तर त्ये मागं पळत आलं, ह्या पुलापातुर. म्हागारी फिरंना. म्हणलं पोरा, साळा हाय तुझी. ऐकंना. मंग म्या ढेकूळ मारलं त्याला. कुत्र्याला मारत्यात तसं. कपाळाला लागलं." काठी धरलेला हात खाली आला. "दुसरं बाजूला मारलं, मुद्दाम. तवा गेलं रडत. त्याची आय घोड्यामागं तोंड झाकून चालली. घाट उतरूस्तवर माज्याशी बोलली न्हाय."

म्हणजे आबा माझ्याशी नव्हे, माझ्या लहानपणीच्या शाळेतल्या मास्तरांशी बोलत होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा होतो. माझ्या उजव्या भुवईवर खूण आहे. विचारलं की मी सांगतो, लहानपणी पडलो होतो. अनितालाही तेच सांगितलंय. मी खोटं बोलत नाही, असं याच वहीत लिहिलंय मी.

"आज घिऊन जातो त्याला संगं," आबा म्हणाले. "सरक मास्तर. दिस बुडायच्या आत पोचाय पायजे, न्हायतर त्ये झोपंल."

रोज दिवेलागणीला हा माणूस गेटपाशी मला आणायला निघायचा. आणि रोज मीच गेट अडवून उभा. मी रडायला लागलो, त्या दोन अनोळखी माणसांसमोर, लाज न वाटता.

घसा थोडा मोकळा झाला तेव्हा म्हणालो, "आबा, कळंबला जायला नको. पोरगं आलंय. हितंच आलंय, पुलापाशी. तुमच्या संगं यायचंय त्याला."

"कुठाय?"

मी चष्मा काढला आणि त्यांच्यापुढं वाकलो. या वेळी मागं सरलो नाही. त्यांनी गाठोडं खाली ठेवलं. अंगठा माझ्या भुवईवर फिरवला, एकदा, पुन्हा एकदा. त्यांचा हात खरखरीत आहे. आयुष्यात तो माझ्या तोंडावर फिरलेला मला आठवत नाही.

"लय लागलं का रं?" त्यांनी विचारलं.

"न्हाय आबा. बरं झालं कवाच."

मग त्यांनी आजूबाजूला बघितलं, वारा कुठून येतो ते बघितलं आणि काठीनं पाटाकडंची बाभूळ दाखवली. तिथं उतरलो. मी जागा झाडली. मला दगड नीट मांडता येईनात, त्यांनी मांडून दाखवले. माझं चुकत होतं आणि ते एकदाही ओरडले नाहीत. मी फोन केल्यावर ज्ञानेशराव अनिताला गाडीवर घेऊन आले, तिनं फडक्यात बांधून भाकरी आणि पिठलं आणलं होतं. दिस बुडाला. दिवेलागण झाली, आणि आबा कुठंही निघाले नाहीत. अनितानं ताम्हण आणलं नव्हतं, पण निरांजन आणलं होतं. तिनं साखरआत्याच्या नावानं आबांना ओवाळलं. आबांनी खिशात हात घालून ओवाळणी शोधली, पैसे सापडले नाहीत, मग खिशातलाच चिंचेचा एक वाळका आकडा तिच्या हातावर ठेवला.

संस्थेला तिथूनच फोन केला की गाडी पाठवू नका. त्यांनी कारण विचारलं. ते सांगायला फार वेळ लागला असता.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

हे कायमचं बरं होणार नाही, मला माहीत आहे. मॅडमनीही तेच सांगितलं. आज ना उद्या ते पुन्हा काठी उचलतील, आणि अनिताचा हात अजून प्लास्टरमध्येच आहे. मला भीती वाटते. पण निदान काय विचारायचं ते कळलंय.

सकाळी त्यांनी बिऱ्हाड बांधलं. माझा दिवाळीचा शर्ट गाठोड्यात घातला. मी काढला नाही. आजचा तळ चिंचेखाली आहे, मीही तिथंच बसून लिहितोय.

दिवेलागणीला आबा उठले आणि गेटकडं निघाले. मी बरोबर गेलो आणि गेट उघडून बाजूला उभा राहिलो. त्यांनी रस्त्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"मास्तर, पोरगं कुठाय?"

"आलंय आबा. तळावर हाय."

ते मागं फिरले. चुलीपाशी बसले, अनितानं वाढलेली भाकरी मोडली आणि थांबले.

"जेवलं का त्ये?"

"अजून न्हाय," मी म्हणालो. खरंच जेवलो नव्हतो.

त्यांनी अर्धी भाकरी माझ्यापुढं सरकवली.